तलवारीला गंध

निजामपुरा, बडोदे
१७ जानेवारी २०२५

आत्यासाहेब,

पाया पडते. लांबून पडलेलं चालतं, असं तुम्हीच म्हणता.

पत्राला उशीर झाला त्याचं खापर पतंगांवर फोडते. उत्तरायण आणि वासी उत्तरायण असे दोन दिवस इथे पोस्टमनसुद्धा गच्चीवर असतो. तिसऱ्या दिवशी मी रस्त्यावर उतरले तर माझ्या चाकांत इतका मांजा गुंतला, की शेजारच्या जागृतीबेन कात्री घेऊन आल्या आणि कापता कापता म्हणाल्या, "बेन, तारी खुरशी तो पतंग थई गई."

तुम्ही विचारलंत की अजिंक्यपद मिळालं म्हणजे नेमकं काय मिळालं, आणि बसून टेनिस खेळतात तरी कसं. देशातल्या महिलांची व्हीलचेअर टेनिसची स्पर्धा डिसेंबरात बंगळुरूला झाली. तिच्यात मी एकेरीत पहिली आले. कोर्ट तेच, जाळी तीच, चेंडू तोच. सवलत एकच: चेंडूचे दोन टप्पे पडले तरी चालतात. खेळायची खुर्ची वेगळी असते. तिची चाकं खाली पसरलेली, तिरकी. कमरेला पट्टा. रॅकेट हातात धरूनच चाक ढकलायचं, त्यामुळे माझ्या तळहाताला घट्टे पडले आहेत आणि आई रोज रात्री त्यावर तूप चोळते. आमचे हिंमतराव सर एकच गोष्ट ओरडत असतात, थांबू नकोस. चेंडू मारला की लगेच वळायचं आणि फिरत राहायचं. उभ्याने खेळणारा एका पावलात बाजूला सरकतो, आम्हाला तेवढ्यासाठी अर्धं वर्तुळ फिरावं लागतं.

अंतिम सामन्यात समोर बंगळुरूचीच मुलगी होती, गेल्या दोन्ही वर्षांची विजेती. पहिला सेट तिने माझ्याकडून अलगद काढून घेतला. नंतरचे दोन मी कसे जिंकले ते मलाही नीट आठवत नाही. आबांना मात्र सगळं आठवतं. ते बंगळुरूला आलेच नव्हते, तरी प्रत्येक गुण सांगतात.

त्यांच्या आनंदाचं काय लिहू? कप पुढच्या खोलीत ठेवला आहे आणि गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही तो पाहिल्याशिवाय जाता येत नाही. आठवड्यापूर्वी इथल्या एका वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. आबांनी त्याला स्पर्धेतला फोटो न देता दसऱ्याचा दिला. तुम्हाला डोळ्यांसमोर येईलच. गायकवाडी पागेतल्या खापरपणजोबांची तलवार, तिच्यासमोर पायांना कॅलिपर बांधून उभी केलेली मी, एका बगलेत आबा, दुसऱ्या बगलेत चुलतभाऊ आशय, आणि माझा गंध लावणारा हात. आपल्या माने घराण्यात तलवारीला बसून गंध लावत नाहीत, घरच्या थोरल्या मुलाने ते उभ्यानेच लावायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि थोरला मुलगा म्हणजे मीच. फोटोत दिसत नाही तेवढं सांगते. उभं राहून माझा हात थरथरतो, गंध दरवर्षी वाकडं लागतं, आणि सगळे जेवायला बसले की आबा ते गुपचूप पुसून सरळ करतात.

कात्रण सोबत पाठवते. आबा त्यात म्हणाले आहेत की उपचार चालू आहेत आणि येत्या दसऱ्याला माझी मुलगी कुणाच्याही आधाराशिवाय उभी राहून गंध लावेल. कसले उपचार ते मलाही ठाऊक नाही. आबांचं तसं असतं, मी हसून सोडून दिलं.

तुमच्या कानांना जपा. नवं यंत्र शिट्टी मारतं म्हणून कपाटात ठेवू नका.

तुमची,
वैष्णवी

*

सातारा
२८ जानेवारी २०२५

चिरंजीव वैष्णवी,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी सहा घरी ते वाचून दाखवलं आहे. लोक काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण चेहरे बरे दिसत होते. यंत्र कपाटातच आहे. ते कानात घातलं की शेजारच्या कुकरची शिट्टी आणि माझी शिट्टी यांत फरक कळत नाही. मोबाइलवर अंगठ्याने लिहिलेलं मी वाचत नाही हे तू लक्षात ठेवतेस, म्हणून तू माझी लाडकी.

तीस वर्षं मुलींना कवायत शिकवली, पण बसून खेळायचा खेळ इतका दमवणारा असेल असं वाटलं नव्हतं. दोन टप्प्यांची सवलत माझ्या शाळेत दिली असती तर पोरींनी तीन मागितले असते. तुझं मराठी सुधार. मागच्या पत्रात तू "फ्रेश थई गई" असं लिहिलं होतंस, ते मी वाचून दाखवताना गाळलं.

कात्रण देवापाशी ठेवलं आहे. फत्तू बोलला ते मला फार आवडलं. हट्टी आहे, पण माझाच भाऊ. तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते. तू चौदा वर्षांची होतीस, तो ताप आला, मणक्यात सूज उतरली आणि तुझे पाय गेले. तेव्हापासून मी पेढा सोडला आहे. साताऱ्यात राहून कंदी पेढा सोडायचा म्हणजे काय ते बडोद्याच्या माणसाला कळायचं नाही. इथे बारसं झालं की पेढा, निकाल लागला की पेढा, रिक्षा घेतली तरी पेढा. लोक हातावर ठेवतात आणि मी तो पदराला बांधून कामवालीला देते. तू माझ्या दारात चालत येशील त्या दिवशी खाईन, असं देवीला बोलले आहे. तेव्हा दसऱ्याची वाट मीही पाहते आहे.

खेळात जपून. पडलीस तर?

आशीर्वाद,
निरुपमाआत्या

*

निजामपुरा, बडोदे
२० फेब्रुवारी २०२५

आत्यासाहेब,

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नका. आबांना तर यातलं अक्षरही कळवू नका.

माझं अजिंक्यपद संघटनेने रोखून धरलं आहे. कारण सांगते, नीट वाचा. आमच्या खेळात खुर्चीत कुणालाही बसता येत नाही. पाय मोडला, प्लास्टर घातलं, तोवर चार महिने खेळून घेऊ, असं चालत नाही. पायांतला दोष कायमचा असावा लागतो, आणि तसं डॉक्टरांच्या मंडळाने तपासून ठरवावं लागतं. माझी ती तपासणी खेळायला लागले तेव्हाच झाली होती. आता बंगळुरूच्या मुलीच्या प्रशिक्षकांनी संघटनेला ते कात्रण पाठवलं आहे. खाली प्रश्न एकच: हिच्यावर उपचार चालू आहेत आणि ही वर्षभरात बरी होणार असेल, तर ही आमच्यात कशी?

दोन दिवस मला त्यांचा संताप आला. तिसऱ्या दिवशी वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. त्या मुलीच्या दोन्ही पायांत लहानपणापासून जोर नाही. मी उभी असल्याचा फोटो आणि बापाचे शब्द छापून आल्यावर तिने काय समजावं?

मार्चअखेर दिल्लीला पुन्हा तपासणी आहे. कॅलिपर बांधून उभं राहण्याला कुणाची हरकत नसते, हिंमतराव सरांनी ते विचारून घेतलं आहे. अडचण त्या उपचारांची आहे. मंडळाला वाटलं की हे दुखणं बरं होणारं आहे, तर पद जाईल आणि यापुढे मला कुठल्याच स्पर्धेत उतरता येणार नाही. म्हणजे पहाटे उठून कोर्टावर जाणं संपलं. मग मी काय करेन ते मला सुचत नाही. खरंच सुचत नाही.

आबांना मी नेहमीची तपासणी आहे एवढंच सांगितलं आहे. त्यांच्या एका वाक्याने हे झालं असं कळलं तर ते मोडून पडतील. आणि दुसरंही एक आहे. तीन वर्षांपूर्वी आई आणि मी इथल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. जेवढं परत यायचं होतं तेवढं आलं, आता पुढे काही येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आईने आणि मी ते घरी आणलंच नाही. आबांनी बाल्कनीत लोखंडी दांड्या बसवल्या आहेत. रोज सकाळी ते मला त्या धरून उभं करतात आणि शेजारी बसून पेपर वाचून दाखवतात. पेपर संपेपर्यंत मी उभी असते. त्यांना बरं वाटतं म्हणून.

तुमच्या पेढ्याचं वाचून मला काय लिहावं ते कळेना, म्हणून मागचं उत्तर राहिलं.

वैष्णवी

*

सातारा
१ मार्च २०२५

वैष्णवी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या प्रशिक्षकाचा राग आला, दुसऱ्यांदा तुझा.

डॉक्टरांनी सांगितलं आणि तू मान हलवून घरी आलीस? माझ्या शाळेतली मुलगी हात मोडून आली की मी तिला पंधरा दिवसांनी त्याच हाताने चेंडू फेकायला लावत असे. डॉक्टर सांगतातच. तू लिहितेस ते वाचून वाटतं की तुला कायमचं हवंच आहे. कुणी दिल्लीला जाऊन सांगावं की मी कधी बरी होणार नाही, आणि त्यासाठी देवाला साकडं घालावं? मी अकरा-बारा वर्षं देवीपाशी उलट मागणं मागते आहे. आता तिला काय सांगू, मागचं विसर म्हणून? दोन माणसांनी दोन मागण्या केल्या तर तिने कुणाचं ऐकायचं?

रागावून लिहिते आहे, पण खोडणार नाही. कळायला हवं तुला.

फत्तूचं म्हणशील तर मी फोन करत नाही हे तुला माहीत आहे. फोनवर काही बोलणार नाही याची खात्री बाळग.

निरुपमाआत्या

*

निजामपुरा, बडोदे
११ मार्च २०२५

आत्यासाहेब,

तुम्ही रागावलात ते बरं झालं. गप्प बसला असतात तर मला जास्त लागलं असतं.

मला बरं व्हायचं नाही असं नाही हो. मी आजारी नाही, एवढंच म्हणते आहे. ताप आला होता तेव्हा मी आजारी होते. त्यानंतर दहावी झाली, बी.कॉम. झालं, वाघोडियाच्या कंपनीत हिशेबाची नोकरी लागली, कोर्टावर गेले. हे सगळं बरी झाल्यावर करू म्हणून ठेवलं असतं तर मी अजून चौदाचीच असते. घरात मात्र सगळे जण काहीतरी थांबवून बसले आहेत. तुमचा पेढा थांबला आहे. आबांनी रावपुऱ्यातलं दुमजली घर विकलं नाही, भाड्याने दिलं आहे, का तर मी जिने चढायला लागले की परत जायचं. आई मला कधी विचारत नाही की जिंकल्यावर कसं वाटलं. ती विचारते, पाय दुखले का. पाय दुखत नाहीत, आई. दुखतात ते खांदे.

कोर्टावर कुणी माझी वाट पाहत नसतं. चेंडू येतो, मी वळते, चाक ढकलते, पोचले तर पोचले. हरले तर मी हरलेली असते, माझे पाय नव्हे. मला हे शब्दांत नीट मांडता येत नाही. तुम्ही कवायत शिकवलीत, तुम्हाला तरी कळावं असं वाटलं. तुम्ही देवीकडे मागणं मागितलंत त्याची मला लाज नाही, उलट ते वाचून मी रडले. पण त्या मागण्याखाली मी दबून जाते, हेही खरं आहे.

आता एक विचारते. परवापासून आबा विचित्र वागत आहेत. सकाळी मला उभं राहायला हाक मारली नाही. मी बाल्कनीत गेले तर ते कॅलिपर मांडीवर घेऊन त्याच्या चामड्याच्या पट्ट्यांना तेल लावत बसले होते. पेपर घडी न मोडता पडला होता. मी म्हटलं, आज नाही का? तर म्हणाले, आज राहू दे. दुपारी त्यांनी स्वतःचं दिल्लीचं तिकीट काढलं. मी आणि हिंमतराव सर जाणार होतो, आता ते म्हणतात सरांची काय गरज, मी येतो. मी काही बोलले की डोळ्यांत न बघता "चालशे, चालशे" म्हणतात.

तुम्ही फोन करत नाही हे मला माहीत आहे. पत्र लिहिलंत का?

वैष्णवी

*

बडोदे
२ एप्रिल २०२५

तीर्थरूप अक्कासाहेबांस,

फत्तेसिंहराव याचा दंडवत. पत्र लिहायची मला सवय नाही, शेवटचं बहुतेक लग्नाच्या आमंत्रणाचं लिहिलं असेल. पण तुमच्या पत्राचं उत्तर फोनवर देता आलं नसतं, आणि तुम्हाला ऐकूही आलं नसतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते बंद करून कपाटात टाकलं होतं. तुम्ही लिहिलंत की फत्तू, तू पेपरात जे बोललास त्याने पोरीचा खेळ जाईल, आणि तिला ते तुला सांगायचंही नाही. त्याखाली लिहिलंत की मी स्वतः यातून काय करावं ते मला कळत नाही, तू तिचा बाप आहेस, तू ठरव. अक्का, तुम्हाला कळत नाही असं तुम्ही लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा वाचलं. म्हणून घाबरलो.

दिल्लीची हकीकत सांगतो. मंडळात तीन जण होते. तपासणाऱ्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी वैष्णवीला टेबलावर झोपवलं आणि एकेक स्नायू तपासला. पाऊल धरून म्हणाल्या, ढकल. अंगठा धरून म्हणाल्या, वर घे. पोरीच्या कपाळाची शीर ताठ झाली, मान लाल झाली, आणि अंगठा होता तिथेच राहिला. मी रोज सकाळी तिला उभं करतो, पण बघतो तिच्या तोंडाकडे. पाय कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी समोरच खुर्ची दिली होती, दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

मग त्यांनी ते कात्रण पुढे ठेवून मला विचारलं की कोणते उपचार चालू आहेत. वैष्णवी माझ्या आधी बोलायला लागली, मला वाचवायला. मी तिला थांबवलं. म्हटलं, "इलाज कुछ नहीं चल रहा, मॅडम. वो मैंने बोला था. बाप हूँ, इसलिए बोला था."

एवढंच बोललो.  डॉक्टर बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. आमच्या बडोद्याच्या डॉक्टरांचे जुने कागद वैष्णवीने आणले होते, तेही पाहिले. मला ते कागद आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्याबद्दल मी तिला काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काय होतं?

आम्हाला बाहेर बसवलं. अक्का, त्या बाकड्यावर मी देव पाण्यात घालून बसलो होतो. इतकी वर्षं जो शब्द मी या घरात कुणाला उच्चारू दिला नाही, तोच ऐकायला मिळावा म्हणून. आत बोलावलं आणि त्या बाई म्हणाल्या, कायमस्वरूपी, शंका नाही, अजिंक्यपद तुमचंच, खेळत राहा. मला वाटलं होतं की हे ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. बाहेर आलो तर वैष्णवी हसत होती आणि रडत होती, मी पण. शिपाई समजला की निकाल वाईट लागला, त्याने बिचाऱ्याने पाणी आणून दिलं. मग आम्ही समोरच्या दुकानात छोले भटुरे खाल्ले. तिने दोन प्लेट खाल्ल्या. लहानपणी खायची तशी.

बापाने मुलीच्या अशा निकालाला खुश व्हावं का, हे मी रेल्वेत रात्रभर विचारत आलो. उत्तर सापडलं नाही, पण झोप मात्र गाढ लागली. घरी येऊन पेढे वाटले. कसला आनंद म्हणून जागृतीबेननी विचारलं, "शानी खुशी छे, भाई?" काय सांगणार? म्हटलं, मुलगी पास झाली.

बाल्कनीतल्या दांड्या काढल्या आहेत. तिथे आता तिच्या आईने तुळस आणि कढीपत्ता लावला आहे.

वैष्णवीच्या आईचाही नमस्कार.

आपला,
फत्तू

*

सातारा
१० एप्रिल २०२५

चिरंजीव वैष्णवी,

फत्तूचं पत्र आलं. त्याचं अक्षर अजून तसंच आहे, शेवटच्या ओळीत शाई पुरली नाही तसं. हो, मी लिहिलं त्याला. तू नको म्हणालीस तरी लिहिलं. मी फोनवर बोलणार नाही एवढंच कबूल केलं होतं, तुला ते तेव्हाच कळायला हवं होतं. रागावायचं असेल तर सावकाश रागाव, मी कुठे जात नाही.

तुझं मार्चमधलं पत्र मी उशाशी ठेवलं आहे. दबून जाते असं तू लिहिलंस ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग आठवलं की माझ्या शाळेत एक मुलगी होती, तिचा एक हात जन्मतः लहान होता. मी तिला कवायतीत शेवटच्या रांगेत ठेवत असे, दिसू नये म्हणून. मला वाटायचं मी तिला जपते. ती मात्र दरवर्षी पहिल्या रांगेत उभी राहायची आणि मी तिला मागे पाठवायची. तिचं नाव आठवत नाही. तोंड आठवतं.

काल देवीला गेले. तिला सांगितलं की बाई, मागचं मागणं मी मागे घेते, तुझ्याकडून काही राहिलं नाही. पुजाऱ्याला ऐकू गेलं असणार, कारण मी हल्ली फार मोठ्याने बोलते, मला स्वतःचं ऐकू येत नाही. तो हसला की नाही ते पाहिलं नाही. येताना बाजारातून अर्धा किलो कंदी पेढे घेतले. घरी आले, पाटावर बसले आणि एक खाल्ला. मग दुसरा. आठवणीत होता त्यापेक्षा गोड निघाला. साखर वाढवली असेल हल्ली, किंवा मी म्हातारी झाले असेन. कामवाली म्हणाली, आजी, आज कुणाचं काय झालं? मी म्हटलं, आमची मुलगी खेळते, देशात पहिली आली आहे. डिसेंबरातली बातमी एप्रिलमध्ये सांगितली म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली.

माझ्या दारात तू यायचं आहेस, कशीही ये. उंबरा आहे, त्याला सुताराकडून लाकडाचा उतार करून घेते आहे.

पडलीस तर ऊठ, एवढंच. मागे मी पडलीस तर असं लिहून वाक्य अर्धं सोडलं होतं.

निरुपमाआत्या

*

निजामपुरा, बडोदे
३ ऑक्टोबर २०२५

आत्यासाहेब,

तुमच्या उताराला मी जूनमध्ये येऊन चाकं लावून गेले तेव्हापासून पत्र नाही, म्हणून आधी कान धरते. मे महिन्यात थायलंडला गेले होते ते तोंडी सांगितलंच. दुसऱ्या फेरीत हरले. हरून इतकं मोकळं वाटलेलं मला आठवत नाही, कारण मला हरायला तरी मिळालं. बंगळुरूची मुलगीही आली होती. आम्ही दोघी दुहेरीत एकत्र खेळलो आणि उपांत्य फेरीपर्यंत गेलो. तिने मला त्या कात्रणाबद्दल एकदा विचारलं, तुझे बाबा रागावले का. मी म्हटलं, त्यांनी तुझ्या नावाने पेढे वाटले. तिला ते कळायला बराच वेळ लागला.

आता कालचा दसरा. नऊ रात्री इथे गरबा, सगळ्या निजामपुऱ्याच्या डोळ्यांत झोप. मी सकाळी उठून सवयीने कॅलिपर शोधले. ते माळ्यावर गेले आहेत हे विसरले होते. बाहेर आले तर आबा अंगणात पाइप लावून स्कूटर धूत होते, आणि स्कूटरशेजारी माझी खेळायची खुर्ची. तिलाही धुतलं, पुसलं, चाकांच्या मध्यावर कुंकू लावलं आणि पाठीला झेंडूची माळ बांधली. म्हणाले, आज हिच्यात बस.

आत तलवार खुंटीवरून उतरवली होती. दरवर्षी ती भिंतीवर, उभ्या माणसाच्या छातीइतकी उंच असते. यंदा आबांनी ती चौरंगावर मांडली होती, शेजारी माझी रॅकेट. आशय नेहमीप्रमाणे माझी बगल धरायला पुढे आला तर आबांनी त्याला मागे केलं. आईला राहवलं नाही. ती हळूच म्हणाली, अहो, पण आपल्यात तलवारीला उभ्यानेच गंध लावतात ना?

आबांनी आधी माझ्या कमरेचा पट्टा तपासला, घट्ट केला. मग म्हणाले, "माझे पणजोबा पागेत होते. घोड्यावरच्या माणसाने ही तलवार उभ्याने कधी चालवली असेल? बसूनच ना?"

 मला वाटतं हे त्यांना बरेच दिवस आधी सुचलं असावं आणि दसऱ्यासाठी त्यांनी ते राखून ठेवलं असावं, कारण बोलून झाल्यावर ते जरा ऐटीत उभे राहिले. मग तेही माझ्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि गंधाची वाटी माझ्या हातात दिली.

पाकिटात आपट्याचं पान घातलं आहे, सोनं समजून घ्या. वाटेत थोडं चुरेल.

आत्यासाहेब, हात थरथरला नाही. गंध सरळ लागलं. आबांना पुसावं लागलं नाही.

तुमची,
वैष्णवी